आक्कांच्या अर्जावर मी काय लिहिलं

आमच्या टोळीची म्होरकी एक विधवा बाई होती, हे मी पन्नास वर्षं कुणाला सांगितलं नाही.

'चले जाव'च्या दिवसांत आम्ही सहाजण तंजावूरच्या आसपास तारा तोडत होतो. एकदा चौकीतल्या दोन बंदुकाही पळवल्या. कुणी कुठे जायचं ते आक्का ठरवत. त्या आमच्याच मराठी गल्लीतल्या, तिशीच्या, केशवपन झालेल्या. पहाटे कालव्यावरून सोवळ्याने, ओलेत्याने घागर घेऊन येत. घागरीत पाण्याखाली तारा तोडायच्या पकडी असत. सोवळ्यातल्या बाईला कोण हात लावणार? शिपाई आपणहून कडेला सरकत. ज्या सोवळ्याने घरात त्यांचा जीव नकोसा केला होता, त्याचीच त्यांनी ढाल केली.

मी पकडला गेलो, तुरुंगात गेलो. आक्का कधीच सापडल्या नाहीत. पुढारी कोण, असं पोलिसांनी विचारलं तेव्हा त्यांना वाचवायला मी "मीच" म्हणालो. स्वातंत्र्यानंतर वाचवायचं काही उरलं नव्हतं, तरी तेच म्हणत राहिलो. सत्कार झाले. शाळेत झेंडा फडकवायला दरवर्षी मलाच बोलावू लागले.

घरोघर केबल आली त्या सुमारास आक्का तिरुवैयारूहून, भाच्याच्या घरून, बसने आमच्याकडे आल्या. स्वातंत्र्यसैनिक म्हणून नोंद व्हावी, एवढाच अर्ज होता. तुरुंगाचा दाखला नसल्याने तुरुंगात गेलेल्या एखाद्या सोबत्याने लिहून द्यायचं होतं. बाकीचे चौघे वारले होते.

मी तमिळमध्ये लिहिलं : 'ह्यांनी भूमिगतांना जेवण पुरवलं.'

आक्कांनी चष्मा लावून वाचलं आणि हसल्या.

"जेवण? अरे, माझ्या हातचं सांबार तू खाल्लंयस कधी? भाचा अजून ताट सरकवून उठतो."

"आक्का, बायकांचं असंच लिहितात. कचेरीत लवकर मंजूर होतं."

"आणि चौकीत कोण शिरलं? तू तर बाहेर चिंचेला धरून उभा होतास. झाड हलत होतं की रे!"

बायको कॉफी घेऊन दारात उभी होती. मी तिच्याकडे पाहिलं नाही. "इतक्या वर्षांनी ते कशाला?" म्हणालो.

आक्कांनी कॉफी संपवली. कागद माझ्यापुढे सरकवला. "असलं नको. त्यापेक्षा काहीच नको," म्हणाल्या आणि बसस्टँडकडे चालू लागल्या. मी हाक मारली नाही.

दोन वर्षांनी त्या गेल्या. गेल्या महिन्यात मी खरं काय ते लिहून कचेरीत नेलं. कारकून म्हणाला, "अर्जदारच नाहीत, तर हे लावू कशाला?"

घरी येऊन बायकोला सगळं सांगायला बसलो. तिने शेंगा निवडत म्हटलं, "मी तेव्हाच ऐकलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"त्या बसस्टँडवर पोचेपर्यंत मला वाटत होतं, तुम्ही उठाल."