टाकीतला जिताडा

आमचं घर सारसोळ्यात. बाबा खाडीत होडी घालायचे, मी ऐरोलीच्या एका ऑफिसात कामाला होते. पगारातून स्वतःसाठी पहिल्यांदा काही घेतलं, ती मोठी काचेची टाकी. तळाला माती, त्यावर बारीक वाळू, मग चिमट्याने एकेक रोप खोचलं. मासे लगेच सोडायचे नसतात, आधी पाणी मुरावं लागतं. तोवर टाकीत नुसती झाडंच होती. बाबा येता-जाता म्हणायचे, "पान्यान शेती करते आमची पोर. मासं कुठं हायेत?"

शेवटी नखाएवढे निऑन मासे आणले. हिरव्या पाल्यातून त्या निळ्या-लाल रेघांचा घोळका वळला की आई हातातलं काम टाकून बघत राहायची.

त्याच सुमाराला दिवाळे गावाहून मला स्थळ आलं. बाबांनी परस्पर शब्द दिला होता. मी नाही म्हणाले. बाबा ओरडले नाहीत, माझ्याशी बोलायचेच बंद झाले.

मग एका रविवारी सकाळी ते बादली घेऊन आले.

"तुला मासं आवडतान ना? घे."

कुणाच्या तरी तळ्यातून आणलेला वीतभर जिताडा होता. तोंडात मावेल ते गिळणारा मासा. मी उठायच्या आत त्यांनी तो टाकीत ओतला. मी जाळी घेऊन धावले, तर त्यांनी झाकणावर पंजा दाबून धरला, खुर्ची ओढून समोर बसले आणि चहा मागितला. जिताडा रोपांच्या आडोशाला थांबायचा, एकदम पुढे झेपावायचा, की एक रेघ नाहीशी.

"अवो, पुरे," आई म्हणाली.

"तिला बघू दे. तिला कुनाचं ऐकायचं नसतं."

जेवणाच्या वेळेपर्यंत टाकीत तो एकटा उरला.

त्याला उपाशी मारणं माझ्याच्याने झालं नाही. मी पाणी बदलत राहिले, पानं छाटत राहिले, आई सोलून देई ती करंदी, बारीक कोळंबी, त्याला घालत राहिले. काचेला बोट लावलं की तो जवळ यायला लागला. मला त्याचा राग येईनासा झाला, आणि बाबांना तेच खुपायचं.

पावसाळा सरला तोवर तो दुप्पट झाला होता. एक दिवस घरी आले तर दिवाळ्याची माणसं जेवायला बसलेली. टाकीत उपटलेली झाडं गढूळ पाण्यावर तरंगत होती. आई तव्यापाशी उभी होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी नको म्हटलेलं गं."

"वाढायला ये," बाबांनी हाक मारली.

मुलाच्या आईने विचारलं, "जिताडा कुठचा? गोड लागतं."

"घरचा हाय. पोरीनं वाढवलाय." बाबा हसले, मग सगळेच हसले.

मी बाबांच्या ताटात तुकडी वाढली आणि त्या बाईंकडे वळले. "मावशी, मी लग्नाला नाही म्हटलंय. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

त्यांनी हातातला घास ताटात ठेवला. मग मुलगा बाबांना म्हणाला, "तुमी तर बोललात, पोर तयार हाय." भरली ताटं टाकून ती माणसं उठली.

दार लावून बाबा म्हणाले, "या घरान आता तुला पानी नाय."

त्याच संध्याकाळी मी बॅग भरली. ऐरोलीत ऑफिसातल्या मैत्रिणीच्या खोलीवर राहायला गेले, अजून तिथेच आहे.

गेल्या वर्षी बाबा धक्क्यावर घसरले, मांडीचं हाड मोडलं. आईचा फोन आला. "ये गं. तुझी वाट बघतान."

"ते तसं म्हणाले?"

"तू ये फक्त," आई म्हणाली. मी गेले नाही.