कडेने धरायची चकती

चकतीभाई चकतीच्या पोटाला कोणाला बोट लावू देत नसत. कडेनेच धरायची, फुंकरसुद्धा मारायची नाही. स्वतःच्या पोरांना त्यांनी एवढं जपलं नव्हतं. आकुर्डीला स्टेशनाजवळ त्यांचं सिनेमाच्या सीड्यांचं दुकान होतं, लग्नाचं शूटिंगही करायचे. सीड्या बंद पडल्या तेव्हा शहाण्या माणसाने मोबाइलची कव्हरं विकली असती. यांनी नव्या जातीची चकती आणली.

"वहिनी, मोबाइलमधलं सगळं हवेत असतं. ही हातात राहते. शंभर वर्षं टिकते."

"शंभर वर्षांनी बघायला कोण येणार, तुम्ही?"

ते हसायचे. हसतात म्हणून मी आणखी बोलायचे.

त्या चकतीला प्लेअरही वेगळा लागायचा. "एका घराने घेतला की गल्ली घेईल," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते एक घर त्यांना मिळालं नाही. माझ्या मुलीच्या लग्नाचं शूटिंग त्यांनी हौसेने केलं आणि फक्त नव्या चकतीवर दिलं. जावई म्हणाला, "भाई, पेनड्राइव्हवर द्या ना."

"पेनड्राइव्ह दिला तर प्लेअर कोण घेईल?"

कॅमेऱ्यातलं पुसून ते पुढच्या लग्नाला गेले. आम्ही प्लेअर घेतला नाही. पोरीचं लग्न एकदाच पाहिलं, त्यांच्या दुकानात स्टुलावर बसून.

पुढे आम्ही मुलाकडे रहाटणीला राहायला आलो. चकतीभाई एकदा भेटायला आले. कबुतरं येऊ नयेत म्हणून ती चकती मी बाल्कनीत दोऱ्याने टांगली होती. तिच्याकडे बघत त्यांनी विचारलं,

"मग आता कबुतरं येत नाहीत ना?"

"येतात की. त्यांनीसुद्धा तुमची चकती मानली नाही."

या वेळी ते हसले नाहीत. चहा अर्धा ठेवून उठले.

दोन वर्षांनी आधी चकतीभाई गेले, मग आमचे हे. यांचं चालणंबोलणं आता फक्त त्या चकतीत आहे, हे मला तेव्हा सुचलं. चकती सोडवली, पदराने पुसली आणि भाईंच्या घरी गेले. दुकान गेलं होतं, पण प्लेअर त्यांच्या बायकोने ठेवला होता. म्हणाली, "विकू नकोस म्हणाले होते. वहिनी येतील एक दिवस."

प्लेअरने चकती आत घेतली, घरघर केली आणि बाहेर टाकली. तिने परत घातली. परत बाहेर. उन्हापावसाने चकतीचा वर्ख उडाला होता.

शंभर वर्षं टिकणारी वस्तू मी दोन-तीन वर्षांत घालवली. तिने प्लेअर पुसून परत झाकून ठेवला. रिक्षात रहाटणीपर्यंत मी चकती कडेनेच धरून बसले.