गुडगावचा समुद्र

७ सप्टेंबर १९९७, रविवार. दीड दिवसाच्या गणपतीचं निर्माल्य मी पिशवीत भरत होते. सासूबाई मूर्ती घेऊन दारात तयार.

"बादलीत नाही हं. अलिबागला आपला गणपती समुद्रात जातो."

"आई, हे गुडगाव आहे."

"खाली आहे की समुद्र."

होता, जाहिरातीपुरता. बिल्डरने 'समुद्रकिनारी राहा' असं छापून मोहरीच्या शेतात आमची सोसायटी उभी केली आणि मधोमध खाऱ्या पाण्याचा उघडा तलाव बांधला. ट्रकने मीठ आणून ओतलं. काठावर सिमेंटचे माड. त्यांचे नारळ दर दिवाळीला रंगवले जात. पहिल्या उन्हाळ्यात पोहायला झुंबड उडाली. मग मिठाने शिड्या गंजल्या, हिरवळ जळाली, लोक यायचे थांबले. उरल्या एकट्या सासूबाई. जिने चढताना त्यांचे गुडघे रडवायचे, पण पाण्यात जुना पंजाबी ड्रेस घालून त्या मजेत तासभर चालायच्या. आणि त्याच संध्याकाळी तलाव बुजवून पार्किंग करायचं ठरवायला सभा होती.

आम्ही खाली आलो तर सभा काठावरच. सेक्रेटरी, सिंचन खात्यातून निवृत्त झालेले इंजिनियर, आडवे आले.

"बहनजी, ये स्विमिंग पूल है."

"भाईसाहब, फ्लैट तो आपने भी समंदर देखकर लिया था. समंदर है तो विसर्जन होगा," मी म्हणाले.

ते खरोखरच विचारात पडले. तेवढ्यात सासूबाई पायऱ्या उतरून पाण्यात गेल्या, मूर्ती तीनदा बुडवली आणि सोडली. शाडूची माती पसरली. "गणपती बाप्पा!" मी ओरडले. "मोरया!" सगळी सभा म्हणाली, सेक्रेटरीसुद्धा.

मतदानाला बुजवण्याच्या बाजूने एकही हात वर झाला नाही. "गणपतीजी के ऊपर गाड़ी कौन खड़ी करेगा, यार?" मागून कुणीतरी म्हणालं. मी सुटकेचा निःश्वास टाकते तोच सेक्रेटरींनी हात जोडले. "बिल्कुल. अब पवित्र जल है. इसमें कोई पैर नहीं रखेगा." एकमताने मंजूर. लगेच काठाने नायलॉनची दोरी बांधली आणि सिमेंटच्या माडाखाली उदबत्ती लावली.

"म्हणजे मी चालायचं कुठे?" सासूबाई.

"बादलीत नको कोण म्हणालं?"

"तू गप्प बस."

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध तापवून ठेवलं आणि त्यांना घेऊन खाली गेले. सेक्रेटरी पाण्यात फुलं सोडत होते.

"बहनजी, पैर..."

मी हिंदीत सांगितलं, अलिबागला विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी घरातल्या मोठ्यांनी समुद्रात चालायचं असतं, नाहीतर देवाला चुकल्याचुकल्यासारखं वाटतं. ही प्रथा मी जिन्यात रचली होती.

"अच्छा?" म्हणत त्यांनी चपला काढल्या, पायजमा वर दुमडला आणि सासूबाईंच्या मागोमाग उतरले. दोघं चालत असताना मी दोरी सोडून गुंडाळून घेतली. गच्चीत कपडे वाळत घालायला हवीच होती.