पट्टी बघितली का?

विलासचा फोन आला तेव्हा मी पेणला, माझ्या घरी, तांदूळ निवडत बसले होते. "ताई, तू निघ," माझा धाकटा भाऊ म्हणाला, आणि जरा थांबून, "सावकाश ये." एरवी हा माणूस साध्या सत्यनारायणालासुद्धा "लवकर ये, लवकर ये" करून मला भंडावून सोडतो. त्या 'सावकाश'मधूनच मला कळलं की रोह्याला घाईने पोहोचण्यासारखं आता काही उरलेलं नाही. आमचा थोरला भाऊ, दादा, दुपारी जेवून आडवा झाला होता. घरचे चहाला उठवायला गेले तर... उठलाच नाही. महिना होत आला, पण न सांगता जाण्याची त्याची ही पद्धत मला अजिबात आवडलेली नाही. माझा राग अजून तसाच आहे.

दादा रागीट होता असं सगळे म्हणतात. रागीट माणूस ओरडतो आणि मोकळा होतो. दादा गप्प बसायचा, आणि विलास त्याचाच भाऊ. वडिलांच्या माघारी दोघांनी मिळून एक जुनी पांढरी मोटार घेतली होती. धाटावच्या कारखान्यांतल्या साहेबांना स्टेशनवरून सकाळी दादा न्यायचा, दुपारनंतर विलास. छान चाललं होतं, आणि मग माझं लग्न आलं. नवरीची गाडी कोण चालवणार यावरून दोघांचं बिनसलं. दादा म्हणे मी थोरला, विलास म्हणे गाडी धुऊन फुलं मी लावली. शेवटी भर मांडवात दादाने किल्ली खिशात टाकली, "मग आता कोनच नको" म्हणाला आणि चालता झाला. मी सासरी गेले ती वऱ्हाडाच्या एसटीतून, मुंडावळ्या सावरत. त्या दिवसापासून दोघं एका घरात राहायचे, एका गाडीवर पोट भरायचे आणि एकमेकांशी बोलायचे नाहीत. एकाने किल्ली खुंटीला अडकवायची, दुसऱ्याने काढून घ्यायची. फारच अडलं तर मध्ये आई. "आये, त्याला सांग, मागचं चाक बसलंय." आणि 'तो' तिथेच शेजारच्या पाटावर जेवत असायचा!

पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी आले तेव्हाही हेच चाललेलं. एके दिवशी सकाळीच कळा सुरू झाल्या. रोह्याच्या डॉक्टरांनी तपासलं आणि त्यांचा चेहरा उतरला. बाळ आडवं होतं. इथे जमणार नाही, पेणला न्या, ऑपरेशन लागेल, आणि वाटेत थांबू नका, असं त्यांनी बजावलं. आईने दोघांना गाडीत कोंबलं. "रस्त्यात काय झालं तर एकट्याच्यानं व्हायचं नाय." दादा चालवायला, विलास शेजारी, मागे आई आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून मी.

निडी गाव मागे पडेपर्यंत गाडी बरी चालली. खिंडीच्या चढाला लागली आणि मागच्या काचेत निळसर पांढरा धूर दिसू लागला. खालून टकटक ऐकू येऊ लागली. विलास समोर बघत म्हणाला, "आये, त्याला सांग, धूर येतोय." दादाही समोरच बघत म्हणाला, "आये, त्याला सांग, मला डोळे हायत." आई माझी कंबर चोळत होती, तिने दोघांनाही काही सांगितलं नाही. मला पुढची कळ आली. पोटातलं पोर वळवळेनासं झालंय असं मला वाटलं आणि मी घाबरून गेले.

नागोठणं ओलांडून हायवेला लागलो. गाडी आचके देत होती. गडब गावापाशी ऑइलचा लाल दिवा लागला, आणि दादाने एका दुकानासमोर गाडी बाजूला घेतली. त्याने बॉनेट उघडलं. एवढा धूर आणि वर लाल दिवा, म्हणजे ऑइल जळून संपलं, असाच कुणाचाही समज होईल. त्याने डिकीतला डबा काढला, झाकण फिरवलं आणि डबा इंजिनावर तिरपा धरला. विलास बाजूला उभा होता. त्याचे ओठ हललेले मला उघड्या दारातून दिसले. त्याने आईकडे बघितलं. आई माझ्यात गुंतलेली...

"दादा, ओतू नको!"

दादाचा हात तिथेच राहिला.

"काल ओतलंय मी. डबाभर."

दादाने डबा खाली ठेवला. मग म्हणाला, "आरं, मी पन सकाळी ओतलं..."

आदल्या दिवशी ऑइल कमी झालेलं दोघांनीही बघितलं होतं. ताईला कधीही न्यावं लागेल, गाडी तयार हवी, म्हणून विलासने संध्याकाळी ओतलं. त्याच काळजीने दादाने सकाळी ओतलं, तेही ऑइल मोजायची पट्टी न बघता, आणि दोघांनीही वर थोडं जास्तीचं. ऑइल कमी पडलं की इंजिन बसतं हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण जास्त झालं तरी तेच होतं. आत फिरणारा दांडा त्या ऑइलात बुडतो आणि ते ताकासारखं घुसळतो. नुसता फेस होतो, तो पंपाला वर चढवता येत नाही, आणि भरल्या पोटी इंजिन कोरडं पडतं. दादाने आणखी डबा ओतला असता तर पेण राहिलं असतं गडबपासून लांब, आणि माझं जे व्हायचं ते त्या दुकानासमोरच झालं असतं.

पुढचं सगळं पळापळीचं. दुकानातून पत्र्याचा डबा आला, विलास गाडीखाली शिरला आणि त्याने ऑइलच्या चेंबरचा नट सैल केला. कढत ऑइल त्याच्या मनगटावरून वाहिलं, पण तो हात काढेना. "किती जाऊ दे, दादा?" "आनखी... आनखी... बस, आवळ!" दादा प्लग काढून पुसत होता. मध्येच त्याने पट्टी ओढून बघितली, पुसली, पुन्हा बघितली. गाडी चालू झाली, खोकली, बंद पडली. आई देवाला हाका मारत होती. दुसऱ्यांदा चालू झाली. दिवा विझला. दादा आत बसता बसता मला म्हणाला, "सुमे, धीर धर गो, आलंच पेन." पेण येईपर्यंत दोघं एकमेकांशीच बोलत होते. ट्रक आला, डावीकडं घे, आता मार. एवढं गोड बोलणं मी माझ्या लग्नातही ऐकलं नव्हतं. माझी मुलगी ऑपरेशनने झाली आणि धडधाकट झाली. विलासच्या मनगटावर डाग मात्र राहिला.

पुढे ती गाडी गेली, दुसऱ्या आल्या. दादाची नजर अधू झाल्यावर गाडी विलासच चालवायचा, पण रोज सकाळी ओटीवरच्या खुर्चीतून दादाचा आवाज यायचाच, "पट्टी बघितली का?" विलास पट्टी पुसून बघायचा. "बघितली, दादा. बरोबर हाय." "मग लाव बॉनेट." नव्या गाडीला रोज बघावं लागत नाही हे दोघांनाही माहीत होतं. मी हसायचे त्यांना.

तेराव्यानंतर मी चार दिवस रोह्याला राहिले. एका सकाळी भाकऱ्या थापत होते, तर अंगणात बॉनेट उघडल्याचा आवाज आला. विलासने पट्टी ओढली, फडक्याने पुसली, पुन्हा घातली, काढली, उजेडात धरली आणि ओटीकडे वळून म्हणाला, "बघितली, दादा. बरोबर हाय."

खुर्ची रिकामी होती. विलास पट्टी हातात धरून तसाच उभा राहिला. बॉनेट उघडं, आणि याचा हात काही त्याच्याकडे जाईना. मी पिठाच्या हातांनी दारात आले. जमेल तेवढ्या मोठ्याने म्हणाले, "मग लाव बॉनेट."

माझा आवाज दादासारखा मुळीच नाही. पण त्याने लावलं.