समोर बसून विचारलं

आमच्या अकोल्याच्या घरात बायको नवऱ्यासमोर ताट घेऊन बसत नाही. तो जेवतो, ती मागून वाढते, आणि काय सांगायचं ते मागूनच सांगते. बत्तीस वर्षं मी यांच्या पाठीकडे पाहून बोलत आले.

गेल्या वर्षी अंजनगावला माझी आई अंथरुणाला खिळली. भाकर वाढताना मी विचारलं, "आईजवळ आठ दिवस राहून येऊ काय?" उत्तर नाही. चार दिवसांनी पुन्हा विचारलं, तरी तेच. मग मीच मनाची समजूत घातली, यांना कमी ऐकू येत असेल. टीव्हीचा आवाज हल्ली वाढला होताच.

अमरावतीला कान तपासून आणले. दोष निघाला, पण थोडासाच. यंत्र बसवणाऱ्या बाईंनी समजावलं, मोठे आवाज यांना येतातच, निसटतात ते स, श, त असले बारीक. यंत्र तेवढेच उचलून देतं, पंख्याची घरघर दाबतं आणि समोरच्याचं बोलणं पुढे आणतं. "मागून बोलू नका, ताई. मागून बोललात तर यंत्राला तुम्ही काय अन् मिक्सर काय, सारखंच."

बाई गं, मला केवढा आनंद झाला! म्हणजे खोट कानात होती, माणसात नव्हती. यंत्र यायला महिना लागला. आईचे फोनवर फोन येत होते, तरी मी थांबले. मूर्ख कुठली!

यंत्र लागलं त्या दुपारी मी जन्मात पहिल्यांदा ताट घेऊन यांच्यासमोर बसले. हळूच म्हणाले, "आई लय खंगली. मले जाऊ द्या."

"आयकलं," हे म्हणाले. "पह्यलेबी आयकलं होतं." मग कानातलं यंत्र काढून डबीत ठेवलं. "वरणात मीठ कमी हाय."

अस्सा संताप आला! ताट तसंच टाकून उठले, पिशवी भरली आणि न विचारता एसटीत बसले. विचारायचं काय राहिलं होतं?

आईची नुसती हाडं उरली होती. मला पाहून तिनं आधी जावयाचीच चौकशी केली. "जावाईबुवाले आता आयकू येते काय वं?"

"येते," मी म्हटलं. "सगळं येते."

"बरं झालं," आई म्हणाली. "आता तुले लवकर लवकर धाडतीन."