दोनशे अकरा सुखी सिस्टर

रविवारी सकाळी डॉ. नूतन रामटेके दोनशे अकरा सुखी बायांचे फॉर्म घेऊन बसल्या होत्या आणि त्यांचे यजमान प्रफुलभाऊ पोह्यांत दुसऱ्यांदा मीठ टाकत होते.

नूतनबाई आरमोरीत मनोविकारतज्ज्ञ. सासूबाई शेजारणींना ‘डोक्याची डॉक्टर’ एवढंच सांगायच्या, त्यामुळे पहिली दोन वर्षं अर्धशिशीचेच रोगी आले. पुढे बाईंच्या ध्यानात आलं, की रोग्यांना घेऊन येणाऱ्या सिस्टरच जास्त खंगलेल्या असतात. झालं, त्यांना संशोधनाचं वेड लागलं. दहा वर्षांत दोन शोधनिबंध छापून आले. वाचणारे तिघे, त्यातले एक प्रफुलभाऊ, तेही घरात शांतता राहावी म्हणून.

आता मात्र काम वरपर्यंत जाणार होतं. सोमवारी आरोग्य खात्याला द्यायच्या अहवालात सिस्टरांचे हाल दिसले, तर जंगलातल्या उपकेंद्रांना सुटीपुरती बदली सिस्टर मिळणार होती. आणि त्यासाठी सिस्टरांकडून भरून घेतलेले फॉर्म म्हणत होते, झोप उत्तम, भूक उत्तम, चिंता नाही. सगळेच्या सगळे.

तेवढ्यात दार वाजलं. बुधरी मडावी, अशाच एका उपकेंद्राची सिस्टर, पहिल्या बसनं आली होती. चपला काढायच्या आधीच बोलली.

“म्याडम, ते फारम खोटे हायेत.”

मग तिनं सगळं सांगितलं. वर ‘नाव लिहू नये’ असं छापलेलं, पण कोपऱ्यात नंबर. म्हणजे कोणी काय लिहिलं ते साहेबाला कळणारच, आणि झोप येत नाही असं लिहिलं की खुलासा मागणार. मग मीटिंगमध्ये एकीनं वाचलं नि बाकीच्यांनी सोबतच ‘उत्तम’वर खुणा मारल्या. चहा यायच्या आत काम फत्ते.

नंबर टाकायची अक्कल नूतनबाईंचीच, फॉर्म हरवू नयेत म्हणून. प्रफुलभाऊंना हसू आलं. बाईंनी नुसतं पाहिलं, तसे ते पोह्यांकडे वळले.

नूतनबाईंनी अहवालाचं पहिलं पान फाडलं. फॉर्म असे का भरले गेले, तेच आता त्या लिहिणार होत्या, कोणाचं नाव न घेता. दहा वर्षांची हुशारी त्यात उघडी पडली तरी चालेल. पेन हातात होतंच, सवयीनं विचारलं,

“तुला किती दिवस झाले गं झोपून?”

बुधरीनं बोटांवर दिवस मोजायला घेतले आणि मधेच सोडून दिले. आज तिची सुटी, तरी बसमध्ये सहा फोन आले होते. बंद ठेवावा तर एखादी अडलेली बाळंतीण असायची. बोलता बोलता मोबाईल पुन्हा वाजला. तिनं तो नूतनबाईंच्या हातात दिला.

“मले दोन घंटे इथी झोपू द्या, म्याडम. तवरीक फोन तुमी उचला.”