पुस्तकात नसलेला नियम

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही — आणि मंदारला, माझ्या धाकट्या भावाला, तर नाहीच, कारण तो तिथे बसलेला होता. तुम्हाला का सांगतेय? माहीत नाही. तुम्ही ऐकताय आणि आज माझी जीभ थोडी सैल आहे, एवढंच धरा.

ऐंशीनंतरची पहिली वर्षं. बाबा चंदीगडला एका संस्थेत संशोधन करायचे, आम्ही क्वार्टरमध्ये राहायचो. अमेरिकेतल्या मामाने एक खोका आणला होता — आत एक इंग्रजी पुस्तक आणि विचित्र फासे, एकाला तर वीस बाजू. खेळ असा की एकाने भुयार रचायचं, त्यातले राक्षस, सापळे, खजिने ठरवायचे, आणि बाकीच्यांनी एकेक पात्र घेऊन त्यात उतरायचं. 'मी दार ढकलतो' म्हणायचं. ढकललं की काय होतं ते फासा ठरवणार. भुयार रचणारी मी. सोळा वर्षांची. अख्ख्या शहरात ते पुस्तक बहुधा आमच्याच घरी होतं, आणि ते किचकट इंग्रजी वाचायचा कंटाळा नसलेली मी एकटीच. मी म्हणेन तो नियम. मुलगे माझ्या तोंडाकडे बघत बसायचे. मला ते आवडायचं. फार.

खेळायला मंदार, शेजारचा पंजाबी मुलगा सुखी आणि विनय. विनय मंदारच्या वर्गात नवा आलेला, उदगीरचा. वडिलांची बदली झालेली, क्वार्टर मिळेपर्यंत ते शहराच्या कडेला, मनीमाजऱ्यात भाड्याने राहत होते. इथेच वाढलेली आमची मुलं मराठीला हिंदीत उत्तर द्यायची. विनयला हिंदी धड येत नव्हती. वर्गात तोंड उघडलं की पोरं हसायची, म्हणून त्याने उघडणंच सोडलं होतं. पण रविवारी सकाळी, कानाला मफलर बांधून, धुक्यातून सायकल मारत तो आमच्याकडे यायचा — आणि बोलायचा. त्याची आई माझ्या आईला म्हणालेली, आठवडाभरात तेवढंच बोलतंय पोरगं.

थंडी सुरू झाली तेव्हा मी एक छोटं भुयार रचलं, एका सकाळीत संपेल असं. तळाच्या दारावर राक्षस पहारेकरी. मंदार आणि सुखीने तलवारी काढल्या. विनय म्हणाला, थांबा की. मी त्याच्यापुढं बसतो, भाकरी काढतो, आणि इचारतो — तुझं गाव कोणतं? ह्याची बी बदलीच झाली असंल हितं, नाहीतर कोण राहील असल्या अंधारात?

मंदारने ते सुखीला हिंदीत समजावलं आणि दोघं हसून लोळले. मी? मीही हसले. राक्षसाने दार उघडलं — दुसरं काय करणार होते? पण तिथून पुढे सगळे विनयलाच विचारायला लागले. विनय, अब क्या करें? विनय, तू बता यार. माझ्याकडे कुणी बघेना. भुयार माझं, राक्षस माझा, घर माझं, आणि — माझ्या पोटात दुखलं. साधा, घाणेरडा मत्सर. दुसरं नाव शोधत नाही.

शेवटच्या खोलीत पेटी होती, पेटीत विषारी सुई. विनयने झाकण उचललं. मी ॲटलास उभा करून त्याच्या आड फासा टाकायची. बाराच्या वर पडले तर तो वाचणार होता. अठरा पडले.

मी म्हणाले, चार.

तुम्ही म्हणाल, पोरवयातला खेळ तो — एवढं काय? थांबा, खरं अजून पुढेच आहे. मनातल्या मनातसुद्धा मी आजवर इथपर्यंतच येत आले, कारण इथपर्यंत सोपं आहे.

मंदार म्हणाला, नया बना ले ना फिर. आणि मी म्हणाले, नाही. मेलेल्याला परत खेळता येत नाही, पुस्तकात तसा नियम आहे.

नव्हता. पुस्तकात नेमकं उलट होतं — पात्र मेलं की खेळाडूने नवं घ्यावं आणि खेळत राहावं.

विनयने वाद घातला नाही. त्याने नियम पाळला. पुढचे काही रविवार तो तेवढीच सायकल मारत आला, सतरंजीच्या कडेला बसला आणि बघत राहिला. सुखीने विचारलं, क्या करें, की तो ओठांवर बोट ठेवायचा. मेलेल्याने बोलायचं नसतं, हे त्याचं त्यानेच ठरवलं होतं. एकदा बाकीचे चहाला उठले तेव्हा हळूच म्हणाला, ताई, बघ की अजून एकदा पुस्तकात. कायतरी असंल की.

मी बघितलं. ते पान काढलं. बोट त्या ओळीवर ठेवलं — त्याला ते इंग्रजी वाचता येणार नाही हे ठाऊक होतं मला. त्याच्यादेखत ओळ पूर्ण वाचली आणि म्हणाले, नाही रे, काहीच नाही. राग तर केव्हाच गेला होता. मग का? खोटं उघडं पडेल म्हणून. मी घाबरट होते.

मग तो यायचा थांबला. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्याची आई आली. म्हणाली, परीक्षा झाली की त्याला उदगीरला काकाकडं ठेवतोय, हितं जीव रमंना त्याचा. आणि मला बाजूला घेऊन विचारलं — तुमच्याकडंच तेवढा खुलायचा गं, काय झालं? तुला उलटून बोलला का काही? त्यांना वाटलं, चूक त्यांच्या पोराचीच असणार. एक वाक्य पुरलं असतं. तो गेला नसता, निदान तेव्हा तरी नाही. मी म्हणाले, नाही काकू, काही नाही झालं — आणि त्यांच्या हातावर तिळगूळ ठेवला. परीक्षेनंतर वडील त्याला पोचवून एकटे परत आले.

आमचा खेळ पुढे बरेच दिवस चालला. सुखीचं पात्र त्यात दोनदा मेलं. दोन्ही वेळा मी त्याला तिथल्या तिथे नवं करून दिलं.